ऊन अडविणाऱ्या लेपाचा आकडा कसा काढतात?

औषधांच्या दुकानात जाऊन 'सनस्क्रीन'ची एखादी नळी हाती घेऊन पाहा. कंपनी कोणतीही असो, नळीवर 'एसपीएफ' ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे १५, ३० किंवा ५० असा आकडा ठळक छापलेला दिसेल. बरेचदा शेजारी 'पीए' असे लिहून त्यापुढे तीन-चार अधिक चिन्हेही दिलेली असतात. या आकड्याचे एकक कोणते? पन्नास मिनिटे, पन्नास टक्के, की पन्नास अंश? नळी उलटसुलट करून पाहिली तरी एकक सापडणार नाही. कारण हा आकडा म्हणजे एक गुणोत्तर आहे, आणि एकाच जातीच्या दोन राशींच्या गुणोत्तराला एकक नसते, हे तुम्ही गणितात शिकला आहातच. पण कशाचे कशाशी गुणोत्तर? येथे दुकानदारच काय, रोज तो लेप लावणारी माणसेही बहुधा निरुत्तर होतात. उत्तर थोडे विचित्र आहे. कोणाची तरी पाठ मुद्दाम किंचित भाजून काढलेले हे गुणोत्तर आहे!

हे भाजणे उन्हाच्या उष्णतेमुळे होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापी ठेवली, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथेही पारा चढला. हे अवरक्त किरण होत. ही वार्ता ऐकून जर्मनीतील योहान रिटर यांच्या मनात आले की, तांबड्यापलीकडे काही आहे तर जांभळ्यापलीकडे का नसावे? सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळे पडते हे त्यांना ठाऊक होते. १८०१ साली त्यांनी त्या क्षाराचा लेप दिलेला कागद वर्णपटात धरला. जांभळ्या रंगात तो काळवंडलाच, पण जांभळ्याच्या पलीकडच्या अंधाऱ्या पट्ट्यात तो आणखी लवकर काळवंडला. हेच जंबुपार किरण. आपल्या क्रमिक पुस्तकांत त्यांना अतिनील किरण म्हणतात, म्हणून आपणही तेच नाव वापरू.

अतिनील किरणांचे तीन गट पाडले आहेत. ४०० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ते 'अ', ३१५ ते २८० पर्यंतचे 'ब' आणि त्याहून आखूड ते 'क'. 'क' गट वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन पूर्णपणे गाळून टाकतात. 'ब' गटाचा थोडाच भाग जमिनीपर्यंत येतो. खाली येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के 'अ' गटाचेच असतात. मग त्वचा भाजण्याचा दोष 'अ' गटाकडे जावयास हवा, नाही का? पण तसे नाही. १९२२ साली जर्मनीतील कार्ल हाउसर आणि विल्हेल्म वाले यांनी एकेका तरंगलांबीचे किरण वेगळे काढून ते त्वचेवर पाडले आणि कोणत्या तरंगलांबीने त्वचा किती लवकर लाल होते याचा आलेख काढला. आलेखाचे टोक २९७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे 'ब' गटात होते. त्यानंतर तो कड्यावरून खाली पडावे तसा कोसळतो. आज जगभर जो प्रमाण आलेख वापरतात, त्याप्रमाणे ३४० नॅनोमीटरचे किरण त्वचा लाल करण्याच्या कामी २९८ नॅनोमीटरच्या किरणांपेक्षा हजारपट दुबळे आहेत. हा हजारपटीचा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानेच मोठा घोटाळा केला आहे.

पाठीवरचे ठिपके

लेपाच्या गुणाचे मोजमाप करावयाचे तर मोजपट्टी हवी. त्वचा लाल होणे हीच मोजपट्टी म्हणून वापरावी, ही कल्पना फ्रीड्रिख एलिंगर यांनी १९३४ साली मांडली. पाऱ्याच्या दिव्याखाली त्यांनी दोन्ही हातांवर प्रयोग केले. पण त्यांचा गुणांक उलटा होता, लेप जितका चांगला तितका आकडा लहान! १९५६ साली रुडॉल्फ शुल्ट्झ यांनी भागाकार सरळ केला. लेप लावलेली त्वचा लाल होण्यास लागणारा वेळ भागिले उघडी त्वचा लाल होण्यास लागणारा वेळ. या गुणोत्तराला 'सूर्य संरक्षण गुणांक', म्हणजेच एसपीएफ, हे नाव ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी १९७४ साली रूढ केले. विद्यार्थिदशेत पिझ बुइन नावाचे आल्प्समधील शिखर चढताना बर्फावरील उन्हाने ते स्वतः भाजून निघाले होते, असे सांगतात. १९७८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही पद्धत स्वीकारण्याचा प्रस्ताव मांडला आणि मग ती सगळीकडे पसरली.

आता प्रत्यक्ष चाचणी कशी होते ते पाहू. कमीत कमी दहा निरोगी स्वयंसेवक निवडतात. त्यांच्या पाठीवर निदान ३० चौरस सेंटिमीटरची एक जागा आखून घेतात आणि तेथे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने लेप वजन करून लावतात. ३० चौरस सेंटिमीटरला ६० मिलिग्रॅम, अधिक नाही, उणा नाही. लेप सुकू देतात. मग झेनॉन वायूच्या दिव्याचा प्रकाश गाळण्यांतून नेऊन त्या जागेवर लहान लहान ठिपक्यांत पाडतात. पाऱ्याचा दिवा येथे चालत नाही. त्याच्या प्रकाशात ठराविक तरंगलांबीच्याच रेषा असतात, तर झेनॉनचा प्रकाश नीट गाळला की सूर्याच्या अतिनील प्रकाशाशी बराच मिळताजुळता होतो. पहिल्या ठिपक्याला थोडी मात्रा, दुसऱ्याला तिच्या सव्वापट, तिसऱ्याला त्याच्या सव्वापट, अशी ही भूमितीय श्रेढी असते. जेथे मोठ्या आकड्याची अपेक्षा असते तेथे पायऱ्या अधिक बारीक, १.१२ पटीच्या ठेवतात. शेजारी लेप न लावलेल्या जागेवरही असेच ठिपके पाडतात.

त्वचा लगेच लाल होत नाही. म्हणून स्वयंसेवकाला घरी पाठवितात आणि १६ ते २४ तासांनी परत बोलावितात. मग जाणकार तपासनीस ठिपके पाहून ठरवितो की, कडा स्पष्ट दिसावी इतपत लाली आणणारी सर्वांत कमी मात्रा कोणती. उघड्या त्वचेवर ती २० एकके आणि लेपाखाली ६०० एकके निघाली, तर गुणांक ३०. दहाजणांची सरासरी काढली की झाला नळीवरचा आकडा तयार.

एवढ्या मोठ्या बाजारपेठेचा भार अखेर एका माणसाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गुलाबी छटेवर आहे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. एकाला जी लाली दिसते ती दुसऱ्याला दिसेलच असे नाही. लेप बोटाने कसा पसरला यावरही आकडा हलतो. शिवाय लेपात दाह शमविणारे एखादे द्रव्य घातले तर लाली दबते, किरण मात्र आत शिरतातच. आकडा चढतो पण संरक्षण वाढत नाही! आणि जी जखम होऊ नये म्हणून लेप लावावयाचा, तीच जखम चाचणीसाठी माणसाला करावयाची, हे कित्येक शास्त्रज्ञांना फार काळ टोचत आहे.

पन्नास म्हणजे किती?

गुणांक ५० याचा अर्थ लाली आणणाऱ्या किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत जातो. १५ असेल तर पंधरावा भाग, सुमारे ६.७ टक्के. ३० असेल तर ३.३ टक्के. काहीजण हेच उलट मांडतात की, १५ चा लेप ९३ टक्के अडवितो आणि ५० चा ९८ टक्के, म्हणजे फरक तो काय? ही मांडणी फसवी आहे. त्वचेला इजा होते ती आत शिरलेल्या किरणांनी, बाहेर राहिलेल्यांनी नव्हे. ६.७ आणि २ यांत तिपटीहून अधिक फरक आहे. धरणाची भिंत किती पाणी अडविते यापेक्षा खालच्या गावाला किती पाणी सुटते हे महत्त्वाचे, तसेच हे.

'गुणांक ३० म्हणजे तीसपट वेळ उन्हात राहावे' हेही खरे नाही. चाचणीतला दिवा एकसारखा जळतो. सूर्य सकाळी दहाला वेगळा आणि दुपारी साडेबाराला वेगळा. घामाने आणि टॉवेलने लेप पुसला जातो तो निराळाच.

आणखी एक हिशेब करून पाहा. एका लेपाचा गुणांक ३६ आहे असे समजा. हा थर दोन सारख्या पातळ थरांचा बनला आहे अशी कल्पना करा. पहिला थर सहावा भाग पुढे सोडतो आणि त्याच्या सहाव्या भागाला दुसरा थर पुढे सोडतो. सहा गुणिले सहा छत्तीस. आता तुम्ही निम्माच लेप लावला, म्हणजे एकच थर राहिला. गुणांक किती उरला? अठरा नव्हे, सहा! प्रत्यक्ष त्वचेवरील प्रयोगांत घसरण नेहमी इतकी तीव्र येत नाही, काहींत ती सरळ प्रमाणाच्या जवळ असते. पण घसरण होते हे नक्की. आणि लोक किती लावतात? निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे की, चाचणीतील मात्रेच्या पाव ते निम्मा लेपच माणसे अंगाला लावतात. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर, म्हणजे १८,००० चौरस सेंटिमीटर. त्याला २ मिलिग्रॅमने गुणा. ३६ ग्रॅम येतात. ५० ग्रॅमची नळी दोन वेळाही पुरावयाची नाही.

हा थर ओला असतानाही जेमतेम २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. भिंगातून आपला तळहात पाहिलात तर त्वचा सपाट नाही, नांगरलेल्या शेतासारखी आहे हे दिसेल. लेप सऱ्यांत साचतो आणि वरंब्यांवरून निसटतो. समजा, गुणांक ५० च्या लेपातून त्वचेचा दहावा भाग उघडा राहिला. या उघड्या भागातून १० टक्के किरण सरळ आत गेले. उरलेल्या ९० टक्क्यांचा पन्नासावा भाग म्हणजे १.८ टक्के. एकूण ११.८ टक्के. १०० भागिले ११.८ म्हणजे गुणांक साधारण साडेआठ! आता रसायनतज्ज्ञाने मेहनत करून तोच लेप १०० गुणांकाचा केला असे धरा. १० अधिक ०.९, म्हणजे १०.९ टक्के आत जातील. गुणांक ९.२. दुप्पट मेहनतीने पाऊण गुण वाढला. भोके बुजविल्यावाचून पुढे जाता येत नाही.

म्हणूनच लेप सुधारण्याचे बरेचसे काम आज किरण शोषणारी नवी द्रव्ये शोधण्यापेक्षा लेपाची सलग पातळ पापुद्र्यासारखी तबकडी त्वचेवर कशी बसेल यावर चालते. त्यासाठी पापुद्रा धरणारी बहुवारिके घालतात. काही शोषक द्रव्ये तेलात विरघळणारी आणि काही पाण्यात विरघळणारी घेतात, म्हणजे लेपातील तेलाचे थेंब आणि त्यांच्यामधले पाणी असे दोन्ही भाग राखण करतात.

'अ' गटाची उपेक्षा

आता त्या हजारपटीच्या फरकाकडे वळू. एसपीएफ लालीवरून काढतात आणि लाली मुख्यतः 'ब' किरणांनी येते. त्यामुळे 'अ' किरणांना जवळजवळ मोकळी वाट देणारा लेपही मोठा आकडा मिळवू शकतो. आणि 'अ' किरण निरुपद्रवी मुळीच नाहीत. ते त्वचेत अधिक खोल जातात, तेथील तंतू खिळखिळे करून अकाली सुरकुत्या आणतात आणि पेशींतील डीएनएचीही हानी करतात. खिडकीची साधी काच 'ब' किरण अडविते, पण 'अ' किरणांचा मोठा भाग आत येऊ देते. थोडक्यात, भाजण्याचा इशारा बंद करून माणसाला तासन्‌तास उन्हात बसण्याचा धीर देणारा लेप तयार होण्याचा धोका होता.

त्यावर तोडगे निघाले. जपानने १९९६ मध्ये 'पीए' ही चिन्हे आणली. 'अ' किरणांनी त्वचा लाल होण्याऐवजी काळवंडते, तो काळपटपणा मोजून हा गुणांक काढतात. इंग्लंडमधील भौतिकीतज्ज्ञ ब्रायन डिफी यांनी १९९४ मध्ये निराळी युक्ती सुचविली. २९० नॅनोमीटरपासून पुढे लेपाचे शोषण बेरजेने मांडत जा. एकूण शोषणाच्या ९० टक्क्यांची बेरीज ज्या तरंगलांबीला पुरी होईल, ती लिहून ठेवा. ती ३७० किंवा त्याहून अधिक असेल तर लेप 'अ' गटातही दूरवर पोचतो. युरोपात २००६ पासून आणखी एक अपेक्षा ठेवली जाते. 'अ' किरणांविरुद्धचा गुणांक एसपीएफच्या निदान एक तृतीयांश असावा.

'अ' गटासाठी द्रव्य शोधणेही सोपे नव्हते. अवोबेन्झोन हे द्रव्य ३५७ नॅनोमीटरच्या आसपास उत्तम शोषण करते, पण उन्हात ते स्वतःच मोडू लागते. रखवालदार पहाऱ्यावर बेशुद्ध पडावा तशी ही गत! त्याच्यासोबत ऑक्टोक्रायलीनसारखे द्रव्य घातले तर ते अवोबेन्झोनच्या रेणूने घेतलेली ऊर्जा आपल्याकडे घेते, तिची उष्णता करून टाकते आणि अवोबेन्झोन टिकते. दुसरा मार्ग झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या बारीक पुडीचा. ही पांढरी पूड किरण आरशासारखी परतवून लावते असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते, पण ते बरोबर नाही. मोजमापे असे दाखवितात की, ही ऑक्साइडे अतिनील किरणांचा थोडासाच अंश परत पाठवितात, बाकीचे काम शोषणानेच होते. झिंक ऑक्साइडचे शोषण साधारण ३७५ नॅनोमीटरपर्यंत पोचते. चेहरा पांढराफटक दिसतो तो दृश्य प्रकाश विखुरल्यामुळे. कण पुरेसे लहान केले की पांढरेपणा बराच कमी होतो.

पाठीऐवजी काच

मग माणसाची पाठ सोडून यंत्राकडूनच हे का मोजू नये? लेप लावलेल्या पारदर्शक पृष्ठावर प्रकाश सोडा, प्रत्येक तरंगलांबीला किती पार गेला ते मोजा आणि लालीच्या प्रमाण आलेखाने वजन देऊन बेरीज करा. कागदावर हे अगदी सोपे दिसते. ब्राझीलमधील मन्सूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तर याहून सोपे केले. लेप अल्कोहोलमध्ये विरळ करून २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये दर ५ नॅनोमीटरला एक अशी सातच वाचने घ्यावयाची आणि ठरलेल्या स्थिरांकांनी गुणून बेरीज करावयाची. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत ही रीत फार लोकप्रिय आहे. पण तिची मर्यादा तुमच्या लक्षात आलीच असेल. परीक्षानळीतील द्रावणात ना वरंबे, ना भोके. शिवाय झिंक ऑक्साइड अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही.

लेपाला त्वचेसारखी खडबडीत जागा द्यावयास हवी. १९८९ साली डिफी आणि रॉबसन यांनी जखमेवर लावावयाची, अंगाला बारीक नक्षी असलेली प्लॅस्टिकची चिकटपट्टी घेतली आणि तिच्यावर लेप पसरून मापन केले. कल्पना साधी, पण दिशा देणारी ठरली. पुढे पट्टीची जागा मुद्दाम खरखरीत केलेल्या ॲक्रिलिकच्या चौकोनी चकत्यांनी घेतली. चकतीतून जाताना प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून तो आतून पांढऱ्या असलेल्या पोकळ गोलात गोळा करून मोजतात. नंतर चकतीवर कृत्रिम ऊन पाडून पुन्हा वाचन घेतात, म्हणजे लेप उन्हात किती टिकतो तेही कळते. तरीही अनेक वर्षे एकाच लेपाला निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळे आकडे येत. चकतीचा खरखरीतपणा, हाताचा दाब, खोलीचे तापमान, सगळ्यांचाच परिणाम होई. आता लेप पसरण्याचे काम माणसाऐवजी यंत्राच्या हाताला देता येते. दोन प्रकारच्या चकत्या वापरणारी एक पद्धत, आणि त्वचेवरून परत फिरणारा प्रकाश मोजून कोणालाही न भाजता केलेल्या मापनाची चकतीवरील मापनाशी सांगड घालणारी दुसरी, अशा दोन पद्धतींना २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मान्यता मिळाली.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात सापडते. गोऱ्या वर्णाची माणसे आणि प्रखर ऊन यांमुळे तेथे त्वचेचा कर्करोग हे घरोघरचे संकट आहे. क्वीन्सलँडमधील नॅम्बोर या गावी ॲडेल ग्रीन यांच्या तुकडीने १९९२ मध्ये १,६२१ रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले. काहींना रोज लेप लावावयास सांगितले, इतरांना त्यांच्या मर्जीवर सोडले. लेपाचा गुणांक अवघा १६ होता. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांत एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील नोंदींत, मेलॅनोमा या घातक प्रकाराचे नवे रुग्ण रोज लावणाऱ्यांत ११ आणि दुसऱ्या गटात २२ निघाले. म्हणजे चांगला लेप नेमाने लावला तर जीव वाचू शकतो. त्याच देशात जून २०२५ मध्ये 'चॉइस' या ग्राहक संघटनेने ५० किंवा अधिक गुणांक सांगणारे २० लेप तपासून घेतले. त्यांतले १६ आपल्या आकड्यापर्यंत पोचले नाहीत. एकाचा गुणांक तर फक्त ४ निघाला! त्या लेपाजवळ आधीच्या चाचणीचा उत्तम दाखलाही होता. पुढे काही उत्पादने बाजारातून मागे घेण्यात आली आणि चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांचीच झडती सुरू झाली.

आणि आपले ऊन?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी अतिनील निर्देशांक ११-१२ पर्यंत जातो. या निर्देशांकाचा एक अंक म्हणजे दर चौरस मीटरला २५ मिलिवॅट, लालीच्या आलेखाने वजन दिलेले. १२ अंक म्हणजे ०.३ वॅट. अगदी गोऱ्या त्वचेला लाल व्हावयास दर चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ज्यूल पुरतात. भागाकार करा, ११ ते १७ मिनिटे येतील. आपल्या सावळ्या त्वचेला याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो, कारण मेलॅनिन हे आपले घरचे सनस्क्रीन आहे. १९७९ साली अमेरिकेत केलेल्या मोजमापात काळ्या त्वचेच्या बाह्य थरातून 'ब' किरणांपैकी ७.४ टक्के, तर गोऱ्या त्वचेच्या थरातून २४ टक्के पार गेले. आपण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहोत. चाचण्या मात्र उजळ त्वचेच्या स्वयंसेवकांवरच करतात, कारण सावळ्या पाठीवर गुलाबी छटा ओळखणे कठीण जाते.

म्हणून माझे मत असे की, मैदानावर खेळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जाहिरात पाहून घाबरून जाऊ नये. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा आणि झाडाची सावली यांना भोके कमी असतात. लेप माणसाला गोरा करतो ही समजूत तर सोडूनच द्यावी. पण कोडाचे पांढरे डाग असलेल्या माणसांच्या डागांत मेलॅनिन नसते. तेथील त्वचा उन्हात पटकन भाजते. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांची आणि त्वचा उन्हाला हळवी करणारी काही औषधे घेणाऱ्यांचीही हीच अडचण असते. त्यांच्या नळीवरचा आकडा खोटा असता कामा नये.

शाळेच्या प्रयोगशाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो, शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. नोटा तपासण्याची ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी मिळवा. तिच्या झोतात डोळा कधीही घालू नका आणि तो कोणाच्या अंगावर धरू नका. साबणपुडीने धुतलेला पांढरा कपडा अंधाऱ्या खोलीत या विजेरीखाली निळसर चमकतो, कारण साबणपुडीतील उजळक द्रव्य अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देते. आता १० सेंटिमीटर बाजूच्या तीन चौकोनी काचा घ्या. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण मात्रा ०.२ ग्रॅम. तराजूवर वजन करून एका काचेवर ०.२ ग्रॅम सनस्क्रीन, दुसरीवर ०.१ ग्रॅम आणि तिसरीवर ०.२ ग्रॅम साधे कोल्ड क्रीम एकसारखे पसरा. काचा पाळीपाळीने कपड्यासमोर धरून झोत टाका आणि चमक ताडून पाहा. मग एका काचेवर लेप मुद्दाम घाईघाईने, बोटांच्या रेघा राहतील असा लावा. कपड्यावर उजळ रेघा उमटलेल्या दिसतील. विजेरी ३९५ नॅनोमीटरची असेल तर मात्र निराशा होईल, कारण तेथे बरेच लेप फारसे शोषण करीत नाहीत. आणि ३६५ ची असली तरी ते 'अ' किरण आहेत, तेव्हा या चमकेवरून एसपीएफ काढता येणार नाही.